हेल्मेटच्या पलीकडची सुरक्षितता

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या माणसाला दोन आकडे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की ती इशारा पातळी आणि ४३ फुटांवर आली की धोका पातळी. नदीकाठचा जाणता माणूस मात्र ३९ फुटांचीही वाट पाहत नाही. किती बंधारे पाण्याखाली गेले, गगनबावड्यात रात्रभर किती पाऊस पडला आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडले, याची चौकशी तो आधीच करू लागतो, कारण पाणी उंबऱ्याला लागल्यावर मोजण्यासारखे फारसे उरत नाही. हाच माणूस सकाळी शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, तेव्हा कारखान्याच्या फाटकावर त्याला एक वेगळ्याच धाटणीचा फलक दिसतो: ‘शेवटच्या अपघातानंतरचे दिवस’, आणि त्यापुढे खडूने लिहिलेला एक आकडा. नदीच्या बाबतीत आपण पूर येण्याआधीच्या खुणा मोजतो आणि कारखान्याच्या बाबतीत पूर ओसरल्यानंतरचे दिवस. औद्योगिक सुरक्षिततेत जे समजायला अवघड जाते, ते बरेचसे या एका फरकात सामावलेले आहे.

कारखान्यातील सुरक्षिततेचे दोन भाग असतात. पहिला भाग माणसाच्या अंगाशी निगडित आहे: घसरून पडणे, यंत्रात बोट सापडणे, डोळ्यात कण जाणे, छपरावरून कोसळणे, विजेचा धक्का बसणे. हेल्मेट, बूट, गॉगल, हातमोजे, कमरेचा पट्टा, फिरत्या पुलीवरची जाळी हे सारे याच भागासाठी असते आणि ते आवश्यकच आहे. दुसरा भाग प्रक्रियेच्या सुरक्षिततेचा. कारखान्यात मोठ्या प्रमाणावर कोंडून ठेवलेली उष्णता, दाब, ज्वलनशील द्रव किंवा विषारी वायू आपापल्या भट्टीत, टाकीत, नळीत बंदिस्त राहिले पाहिजेत, एवढेच त्याचे सूत्र; परंतु ते बाहेर पडले तर हेल्मेट घातलेला आणि न घातलेला असा भेद उरत नाही. पहिल्या प्रकारचे अपघात लहान आणि वारंवार घडणारे असतात. दुसऱ्या प्रकारचा अपघात एखाद्या कारखान्याच्या साऱ्या आयुष्यात एकदाच घडतो किंवा कधीच घडत नाही. त्यामुळे पहिल्या प्रकारचे अपघात कमी झाले म्हणजे दुसऱ्या प्रकारचा धोकाही कमी झाला, असे मानणे हे पायाला कुरूप नाही म्हणून हृदय ठणठणीत आहे असे मानण्यासारखे आहे.

ही चूक भल्याभल्यांनी केली आहे. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या यंत्रणेवर स्फोट होऊन ११ जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशी कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी तिथे हजर होते आणि त्यांच्या भेटीमागचे एक कारण असे की, त्या यंत्रणेवर सात वर्षांत एकाही कामगाराची दुखापतीमुळे कामाची पाळी बुडाली नव्हती, याचे कौतुक करायचे होते. त्याआधी २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्याच टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ जण गेले. तिथे एका उंच मनोऱ्यात प्रमाणाबाहेर द्रव भरत राहिला. पातळी दाखवणारे उपकरण मात्र ती उतरत असल्याचे सांगत होते आणि वरच्या पातळीचा इशारा वाजलाच नाही. नंतरच्या चौकशीत असे निष्पन्न झाले की, व्यवस्थापनाने दुखापतींच्या घटत्या आकड्यांवर विसंबून प्रक्रियेच्या प्रकृतीचा अंदाज बांधला होता.

कोल्हापुरात याचा अर्थ लावायचा तर फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, जावे. शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्री मंडळींनी तेलइंजिनाच्या सुट्या भागांपासून सुरुवात करून उभा केलेला हा धंदा आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत पसरला आहे. फौंड्रीत घातक रसायने नसतात, म्हणून प्रक्रिया सुरक्षिततेचा विषय आपला नव्हे, असे अनेक मालकांना प्रामाणिकपणे वाटते. परंतु तिथे दोन अगदी साध्या गोष्टी शेजारी-शेजारी राहतात: १,४०० ते १,५०० अंश सेल्सिअसचा वितळलेला लोहरस आणि पाणी. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,६०० ते १,७०० लिटर जागा मागते. पाणी रसाच्या वर सांडले तर ते बहुधा उकळून, उडून जाते. पण रसाच्या खाली अडकले तर त्या वाफेला वाट मिळत नाही आणि ती वरचा सगळा रस भट्टीबाहेर फेकते. कपभर पाणी त्याला पुरते.

हे पाणी येते कुठून? पहिला मार्ग स्क्रॅपचा. जून ते सप्टेंबर या काळात उघड्या यार्डातले स्क्रॅप भिजते. दोन्ही टोके बंद असलेल्या पाइपच्या तुकड्यात, दबलेल्या डब्यात, जुन्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये पाणी किंवा तेल कोंडलेले असते आणि ते वरून कोरडेच दिसते. दुसरा मार्ग ओल्या लॅडलचा (रस ओतण्याच्या भांड्याचा), ओल्या साच्याचा किंवा भट्टीखालच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्याचा. तिसरा मार्ग सर्वांत अंतर्गत. इंडक्शन भट्टीची तांब्याची कॉइल पोकळ असते आणि तिच्यातून थंड पाणी खेळते. या पाण्यात आणि लोहरसात अंतर असते ते फक्त भट्टीच्या लायनिंगचे, म्हणजे आतल्या अस्तराचे. प्रत्येक हीटगणिक, म्हणजे रसाच्या प्रत्येक घाण्यागणिक, हे लायनिंग थोडे झिजते. म्हणजे फौंड्रीतला कामगार रोज ज्या भिंतीच्या भरवशावर उभा असतो, ती भिंत रोज पातळ होत असते.

म्हणूनच तिथे एकाऐवजी अनेक संरक्षणे ठेवलेली असतात. लायनिंग वेळेवर बदलायचे. प्रत्येक काही हीटनंतर त्याचा व्यास मोजायचा. रस लायनिंग भेदून कॉइलकडे सरकू लागला की भट्टी बंद पाडणारे गळतीदर्शक यंत्र चालू ठेवायचे. रस बाहेर आलाच तर तो जमा व्हावा म्हणून भट्टीखाली कोरडा खड्डा राखायचा. आणि भट्टीच्या मंचावर आवश्यक तेवढीच माणसे ठेवायची. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या सुमारास मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. कोणतेही संरक्षण भक्कम भिंत नसते, त्याला भोके असतात. अपघात तेव्हा होतो, जेव्हा सगळ्या थरांतली भोके एका रेषेत येतात. त्यांनी भोकांच्या चीजचे उदाहरण दिले. आपण एकावर एक रचलेल्या जाळीदार आंबोळ्या डोळ्यांसमोर आणाव्यात. एका आंबोळीतून आरपार दिसते, पाच आंबोळ्यांतून सहसा दिसत नाही. मात्र एकेक आंबोळी काढून घेतली तर ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण उरलेल्या थरांमुळे त्या दिवशी काहीच घडत नाही.

काहीच न घडणे हाच या विषयातला सर्वांत मोठा सापळा आहे. गळतीदर्शक यंत्र विनाकारण भट्टी बंद पाडते, उत्पादन अडते, म्हणून कुणीतरी ते बायपास करतो. महिनाभर काही होत नाही. लायनिंगची मुदत दहा हीटने वाढवली जाते, काही होत नाही. खड्ड्यात जुने साचे आणि पाणी साठते, तरीही काही होत नाही. कुणी विचारलेच तर आपल्याकडे ठरलेले उत्तर मिळते: “चालतंय की.” हे दोन शब्द कोल्हापूरच्या मोकळेपणाची खूण म्हणून मलाही प्रिय आहेत, पण भट्टीच्या मंचावर ते ऐकू आले की मला काळजी वाटते, कारण ‘चालते आहे’ हे निरीक्षण खरे असले, तरी ‘सुरक्षित आहे’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नसतो.

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री जे झाले, त्याच्याकडे या नजरेने पाहावे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. त्यात पाणी शिरले, उष्णता आणि दाब वाढला आणि वायू शहरावर पसरून हजारो माणसे मेली. ती टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आली होती. बाहेर पडणारा वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा कामाला सज्ज नव्हती. उरलेला वायू जाळण्यासाठी जो उंच ज्वालास्तंभ होता, त्याची जोडनळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. यातला प्रत्येक निर्णय वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कारणाने, बहुधा खर्च किंवा सोय पाहून घेतला गेला असेल. पाणी टाकीत कसे शिरले यावर वाद झाले. थर आधीच काढले गेले होते यावर वाद नाही.

मग थर पुरेसे आहेत की नाहीत, हे आधी कसे ओळखायचे? त्यासाठी ब्रिटनमधील आयसीआय कंपनीत १९६० च्या दशकात एक पद्धत विकसित झाली. तिला हॅझॉप म्हणतात. नाव जड असले तरी कल्पना कोणत्याही गृहिणीला पटेल अशी आहे. प्रक्रियेतला एकेक प्रवाह घ्यायचा आणि त्याला ठरावीक शब्द लावून प्रश्न विचारायचे: नाही, कमी, जास्त, उलट, वेगळेच काही. भट्टीच्या कॉइलमधले पाणी घेऊ. पाणी आलेच नाही तर? वीज गेली की पंप थांबेल, पण भट्टीतला रस तासन्‌तास गरम राहील; मग डिझेल पंप किंवा उंचावरची पाण्याची टाकी आहे का, आणि ती शेवटची कधी तपासली? पाणी कमी आले तर? नळीत क्षार साचले असतील. परतीच्या पाण्याचे तापमान कोण वाचतो आणि वाचून काय करतो? उलट आले तर? दुरुस्तीनंतर होजपाइप अदलाबदल झाले असतील. त्यांना रंग दिले आहेत का? अशा प्रश्नांसाठी मालक, देखभालीचा फिटर, भट्टी चालवणारा आणि बाहेरचा एक जाणकार असे चौघे एका टेबलाशी दोन-तीन दिवस बसावे लागतात. भट्टी चालवणाऱ्याला बोलू दिले नाही तर ही बैठक म्हणजे चहा-बिस्किटांचा कार्यक्रम होतो, हे अनुभवाचे बोल आहेत. एका कारखान्यात अशाच बैठकीत दीड दिवस मुकाट बसलेल्या हेल्परने शेवटी सांगितले की, रात्रपाळीत डिझेल पंपाची बॅटरी काढून ट्रॅक्टरला लावतात. त्याच्याआधी बोललेल्या कुणालाही ते ठाऊक नव्हते.

संरक्षणांमध्येही प्रतवारी असते आणि ती समजण्यासाठी राधानगरी धरणासारखे उदाहरण नाही. तिथल्या सात स्वयंचलित दरवाजांना उघडायला वीज लागत नाही, माणूस लागत नाही. पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की त्याच्याच दाबाने दरवाजा उघडतो आणि पाणी उतरले की मिटतो. बॉयलरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह नेमके हेच करतो. इचलकरंजीतल्या प्रोसेस हाउसपासून साखर कारखान्यापर्यंत जिथे जिथे वाफ आहे, तिथे हा व्हॉल्व्ह शेवटचा पहारेकरी आहे. त्याच्या खालचे थर म्हणजे आपोआप बंद पाडणारा इंटरलॉक, त्याखाली वाजणारा इशारा, आणि सर्वांत खाली ‘लक्ष ठेवावे’ अशी पाटी. सगळ्यांच्याही वर आणखी एक उपाय आहे, ज्याचा विचार क्वचित होतो: धोका मुळातच कमी ठेवणे. ओले स्क्रॅप ओळखायला माणूस नेमण्यापेक्षा यार्डावर पत्रे घालणे स्वस्त पडते. अमोनियाचा मोठा साठा सांभाळण्यापेक्षा कमी अमोनियावर चालणारी यंत्रणा बसवणे चांगले. जे नाहीच, ते गळणार कसे?

अमोनियाचा उल्लेख आला, कारण दूध शीतकरण, बर्फाचे कारखाने आणि शीतगृहे यांमुळे तो या जिल्ह्यात सर्वत्र आहे. उणे ३३ अंशाला उकळणारा हा वायू अगदी थोड्या प्रमाणातही नाकाला झोंबतो, ही त्याची सज्जनता. हवेत दहा लाख भागांत ३०० भाग झाला की तो जीवाला तातडीचा धोका ठरतो. तो हवेपेक्षा हलका असला, तरी गळतीच्या वेळी थंड धुक्यासारखा जमिनीलगत सरकू शकतो, म्हणून पळताना वाऱ्याच्या दिशेने न पळता आडवे पळावे. हवेतला वायू पाण्याच्या फवाऱ्याने विरघळवता येतो, पण जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर थेट पाणी मारले तर तो अधिकच उफाळतो. अमोनिया यंत्रणेतले तेल काढण्याचे काम दिसायला किरकोळ असते आणि अनेक गळत्या तिथेच होतात: व्हॉल्व्ह उघडून कामगार फोन घ्यायला वळतो आणि तेल संपून अमोनिया येऊ लागतो. हात काढताच आपोआप मिटणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह हे त्यावरचे उत्तर आहे. तो बसवायला एक दुपार पुरते.

साखर कारखान्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण साखर पेट घेते हे पिढ्यान्‌पिढ्या उसात वाढलेल्या माणसालाही खरे वाटत नाही. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथे ‘इम्पीरियल शुगर’ या कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार मेले. तिथे सायलोखालून (साखर साठवण्याच्या उंच कोठ्यांखालून) माल वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर धूळ व घाण पडू नये म्हणून आदल्या वर्षी तो पट्टा पोलादी पत्र्यांनी झाकण्यात आला होता. हेतू स्वच्छतेचा होता. पण उघड्यावर विरून जाणारी धूळ त्या पेटाऱ्यात कोंडली गेली आणि बहुधा तापलेल्या बेअरिंगने तिला ठिणगी पुरवली. पहिला स्फोट तुलनेने लहान होता. त्याच्या धक्क्याने तुळयांवर, जमिनीवर, यंत्रांवर वर्षानुवर्षे साचलेली साखरेची भुकटी हवेत उडाली आणि खरा विनाश त्या दुसऱ्या-तिसऱ्या स्फोटांनी केला. आपल्याकडच्या कारखान्यांत दाणेदार साखर होते आणि धूळ तुलनेने कमी असते, तरी एलेव्हेटर, हॉपर आणि पोती भरण्याच्या जागी ती असतेच. झाडून काढणे हे तिथे टापटिपीचे काम नसून स्फोटप्रतिबंधक काम आहे, आणि ते हवेच्या झोताने करू नये, कारण झोत धुळीला उडवतो.

कारखान्याला जोडलेल्या डिस्टिलरीत इथेनॉल असते. त्याची वाफ सुमारे १७ अंशालाही पेट घेण्याजोगी होते, म्हणजे कोल्हापूरच्या थंडीच्या बहुतेक दिवसांतही. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. आणि ते पाण्यात मिसळत असल्याने आग विझवण्याचा साधा फेस त्यावर टिकत नाही, अल्कोहोलसाठीचा वेगळा फेस साठवावा लागतो. बगॅसच्या ढिगांविषयी, मळीच्या टाक्या आतून आपोआप तापण्याविषयीही लिहिता येईल, पण त्याहून महत्त्वाचा विषय आहे तो बदलाचा.

साखर कारखान्यातल्या झाकलेल्या पट्ट्याच्या उदाहरणात पाहिले की, अपघाताचे बी सुधारणेत होते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील फ्लिक्सबरोचे. १९७४ च्या मार्च महिन्यात तिथल्या रासायनिक कारखान्यातील पाचव्या पात्राला तडा गेल्याचे दिसले. उत्पादन थांबू नये म्हणून ते पात्र काढून चौथ्या आणि सहाव्याला २० इंची नळीने तात्पुरते जोडण्यात आले. त्या जोडणीचा आराखडा वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढला होता. दाबाखाली ती नळी कशी वागेल याचे नीट गणित कुणी केले नाही, कारण ते करू शकणारा अभियंता तेव्हा त्या पदावर नव्हता. १ जून १९७४ रोजी ती फाटली आणि २८ जण मेले. शनिवार होता म्हणून कार्यालये रिकामी होती. आपल्याकडचा हुशार फिटर अशी जोडणी एका रात्रीत करून देतो आणि आपण त्याची पाठ थोपटतो. उद्यमनगरची सगळी ख्याती याच हुन्नरावर उभी आहे; म्हणून त्या हुन्नराला लगाम घाला असे मी म्हणणार नाही. मात्र जसेच्या तसे बदलणे आणि वेगळे बसवणे यांत रेघ ओढलीच पाहिजे. जुन्याच मापाचा, त्याच धातूचा व्हॉल्व्ह लावला तर ती दुरुस्ती. माप, धातू, दाब, कच्चा माल किंवा पाळीतली माणसांची संख्या यांपैकी काहीही बदलले तर तो बदल, आणि बदलाला एका कागदावर तिघांच्या सह्या हव्यात. तात्पुरत्या गोष्टीवर ती काढण्याची तारीख लिहावी. आपल्याकडे तात्पुरते ते कायमचे होण्याची परंपरा फार जुनी आहे.

कागदाला आपण कंटाळतो, पण कामाचा परवाना, म्हणजे धोक्याच्या कामाआधी लिहून हाती दिली जाणारी परवानगी, हा कागद माणसे जगवतो. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ तेलफलाटावर १६७ माणसे मेली. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून तिथे नुसती झाकणी लावली होती. त्याचा परवाना रात्रपाळीच्या हाती पडला नाही, दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हा चालू केला आणि वायू बाहेर आला. पाळी बदलताना पहिला माणूस बस पकडण्याच्या घाईत आणि दुसरा उशिरा आलेला, हे दृश्य आपल्याला नवीन नाही. पंपाच्या विजेच्या बटणावर कुलूप आणि ज्याने काम काढले त्याच्याच खिशात किल्ली, एवढी सोपी पद्धत इथे पुरेशी असते.

परवान्याचा सर्वांत कडक वापर बंदिस्त जागेत हवा. मळीची टाकी, सांडपाण्याचा खड्डा, बायोगॅसचे डायजेस्टर, बॉयलरचा ड्रम. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली गेला की आत उतरू नये. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच मरते आणि वास गेला म्हणून वायू गेला असे वाटते. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहण्याची रीत आपल्या खेड्यांत होती. कल्पना योग्यच होती, पण जिथे ज्वलनशील वायू असतो तिथे ज्योत नेणे म्हणजे आत्मघात, म्हणून वायुमापक वापरावा. आणि एक गोष्ट प्रत्येक कंत्राटी कामगाराला त्याच्या भाषेत, मराठी येत नसेल तर हिंदीत, सांगितली पाहिजे: आत सहकारी पडला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. अशा दुर्घटनांत पहिल्याला वाचवायला गेलेला दुसरा आणि तिसराही मरतो, हे पुन्हा पुन्हा घडले आहे. बाहेर उभ्या माणसाकडे दोरी, तिपाई आणि हाक मारण्याची सोय आधीच असेल, तरच कुणी आत जावे.

कायदा या सगळ्याबद्दल गप्प नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात भोपाळनंतर, १९८७ साली, घातक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि जीवाला तातडीचा धोका दिसल्यास तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला देण्यात आला. राज्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय तपासणी करते. परंतु त्या अधिनियमात सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती मुख्यतः १,००० कामगारांच्या कारखान्यांना होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेने ही संख्या ५०० वर आणि घातक प्रक्रियेच्या ठिकाणी २५० वर आणली. शिरोलीतली साठ-सत्तर माणसांची फौंड्री तरीही या रेषेखालीच राहते. तिथे सुरक्षा अधिकारी म्हणजे मालक, नाहीतर सुपरवायझर, आणि म्हणून हा विषय त्यांना समजेल अशा भाषेत पोहोचणे गरजेचे आहे.

त्यांनी फाटकावरचा फलक पुसावा असे नाही. त्याच्या खाली चार ओळी वाढवाव्यात. या आठवड्यात गळतीदर्शक किती वेळा बायपास झाला. किती सेफ्टी व्हॉल्व्हची तपासणी मुदत उलटून गेली. किती तात्पुरत्या जोडण्या अजून तशाच आहेत. आणि ‘वाचलो बघा’ असे किती जण म्हणाले. हे चार आकडे म्हणजे कारखान्याचे पाण्याखाली गेलेले बंधारे. यातला शेवटचा आकडा मिळवणे सर्वांत अवघड, कारण सांगणाऱ्याला ओरडा बसला की पुढच्या महिन्यात तो शून्यावर येतो. ज्या फौंड्रीत वर्षभर एकही थोडक्यात टळलेली घटना नोंदली जात नाही, तिथे घटना थांबलेल्या नसतात, बोलणे थांबलेले असते.

राहता राहिला पूर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, तेव्हा अनेक कारखान्यांत पुढची पाळी पोहोचू शकली नाही. रसाने भरलेली भट्टी, बेभरवशाची वीज आणि खड्ड्याकडे सरकणारे पाणी या परिस्थितीत शेवटची हीट कधी ओतायची, हा निर्णय त्या रात्री घ्यायचा नसतो. बंधाऱ्यावर किती फूट पाणी झाले की भट्टी रिकामी करायची, अमोनियाचे कोणते व्हॉल्व्ह मिटायचे आणि मागे थांबणारी माणसे कोण, हे मे महिन्यातच कागदावर असावे लागते. पाणी ओसरल्यावरचे दिवस तर त्याहून नाजूक. बंद पडलेला कारखाना निरुपद्रवी असतो हा भ्रम ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणममध्ये फिटला, जेव्हा टाळेबंदीत पडून राहिलेल्या टाकीतले स्टायरीन आतल्या आत तापून बाहेर पडले आणि १२ जणांचा जीव गेला. पुरानंतर फौंड्रीत खड्डा उपसून कोरडा करावा, पाण्याचा स्पर्श झालेले लायनिंग फोडून नवे भरावे, कॉइलची आणि पॅनेलची विद्युत तपासणी करून घ्यावी, लॅडल बर्नरवर नीट तापवावेत, आणि पहिल्या काही हीटसाठी यार्डातल्या स्क्रॅपला हात न लावता छपराखाली ठेवलेला, स्वतःच्याच ओतकामातून उरलेला कोरडा परतीचा माल वापरावा.